चंद्रहास भाऊजींची खरी निवटी

आमचे चंद्रहास भाऊजी नेमकं काय काम करतात, हे कोणी विचारलं की मी आधी चहा टाकू का म्हणून विचारते. तेवढ्यात विषय बदलला तर बरं. नाहीच बदलला तर सांगते, "कॉम्प्युटरमध्ये आहेत." हे काही खोटं नाही, दिवसभर ते कॉम्प्युटरपुढेच असतात. पण कार्टूनमधला राक्षस उडतो तर त्याची हाडं कशी असतील, तो पाण्यातून बाहेर आला तर श्वास कुठून घेईल, आणि त्याच्या अंगात वीज असेल तर त्याचा त्यालाच झटका का बसत नाही, या प्रश्नांची उत्तरं शोधायचा त्यांना पगार मिळतो. हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला आवडत नाही. म्हणून चहा.

एकदा वसईहून एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पर्मनंट आहे ना?"

आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ दयाराम, त्यांनी विचारलं, "काय, नोकरी की राक्षस?"

"कळवतो" म्हणून ते उठले. स्थळाच्या बाबतीत "कळवतो" म्हणजे काय ते आगाशीतल्या शेंबड्या पोराला कळतं. भाऊजींनी अशी पुष्कळ "कळवतो" ऐकली. आता चाळिशी उलटली आणि ते ऐकायचंही थांबलं.

हा त्यांचा नाद लहानपणापासूनचा. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. देवळात कीर्तन चाललं होतं. बुवा रंगात येऊन गरुडाचं वर्णन करत होते, देवाला पाठीवर घेऊन तो कसा झेपावतो, त्याच्या पंखांच्या वाऱ्याने समुद्र कसा दुभंगतो. तेवढ्यात परकरी पोरींच्या मागून भाऊजी उठून उभे राहिले. चड्डी सावरत विचारलं, "बुवा, त्याचे पंख किती हात लांब? देवाचं वजन धरून सांगा."

कीर्तन थांबलं. सासऱ्यांनी तिथेच कान धरला आणि उरलेलं घरी आल्यावर झालं. आज सासरे असते तर मी त्यांना म्हटलं असतं, बाबा, ज्या प्रश्नाला तुम्ही छडी दिलीत त्याच प्रश्नाला विरारला महिन्याच्या महिन्याला पगार आहे. मी स्वतः गरुडाचं वजन करायला कधी गेले नाही. तिन्हीसांजेला दिवा लावते, हात जोडते, माझं तेवढ्यात भागतं. पण भाऊजींनी देवाची थट्टा केली असं मला कधी वाटलं नाही. त्यांना खरोखरच पंखांची काळजी वाटली असणार. एवढं ओझं, आणि बिचारा पक्षी.

शिक्षण म्हणाल तर प्राणिशास्त्राची पदवी आहे. त्या पदवीवर विरारला शोभेचे मासे विकायच्या दुकानात नोकरी मिळाली. गिऱ्हाईक मासा पसंत करी आणि भाऊजी त्याला सांगत, एवढ्याशा भांड्यात हा जगणार नाही, नेऊ नका. दुकानदाराने फार दिवस ठेवलं नाही. मग गणपतीची मखरं रंगवली. मग एका लग्नाच्या कपड्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, कार्टून बनवायचं ऑफिस निघालं, तिथे चित्रं काढायला लागले. चित्रं काढता काढता मालकांना विचारू लागले, या प्राण्याला मान आहे, पण मानेत जागा कुठे आहे? मालकांना सुरुवातीला मजा वाटली. आमच्याकडे चित्रकार नाही, संशोधक आहे, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

एकदा मालकांना सात मजली इमारतीएवढा राक्षस हवा होता, दोन बारीक पायांवर धावणारा. भाऊजी म्हणाले, पाय मोडतील. मालक म्हणाले, चित्रातले पाय कसे मोडतील? भाऊजींनी त्यांना थेट आमच्या वाडीत आणलं आणि केळीपुढे उभं केलं.

"ही बघा. छोटा घड असतो तेव्हा झाड आपलं आपण उभं राहतं. घड मोठा झाला की दादा टेकू लावतो. नाही लावला तर एका वाऱ्यात आडवी. उंची दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. पायाची ताकद मात्र चौपटच वाढते. तुमचा राक्षस उभ्या उभ्या मोडेल."

मालकांनी बराच वेळ केळीकडे बघितलं. मग म्हणाले, "मग टेकू लावा."

त्या राक्षसाला भाऊजींनी मागे जाडजूड शेपूट लावली, टेकायला. ती मालिका संपली. कोणत्याही मुलाने शेपूट का आहे म्हणून विचारलं नाही. भाऊजी मात्र शांत झोपले.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या वर्षी ऑफिसात नवीन यंत्रणा आली. कॉम्प्युटरला नुसतं सांगायचं, तीन डोक्यांचा, निळा, चिडलेला प्राणी दे. लगेच चहा पिईस्तोवर चाळीस प्राणी हजर. चित्रकार एकेक करून घरी जाऊ लागले. मालकांनी भाऊजींनाही बोलावून ते चाळीस प्राणी दाखवले.

भाऊजी म्हणाले, "यांतल्या एकाला तरी श्वास घ्यायला जागा आहे का?"

"श्वास? अरे चंद्रहास, यांना भूकसुद्धा लागत नाही."

पण जुना माणूस, म्हणून मालकांनी एक संधी दिली. मुंबईच्या एका चॅनेलचा कौस्तुभ नावाचा माणूस नवीन मालिकेसाठी प्राणी शोधत होता. त्याला तुझा प्राणी पसंत पडला तर मालिका आपली आणि तुझी खुर्ची तुझी. नाही पडला तर महिनाअखेर.

घरी आल्यावर भाऊजींनी हे जेवताना सांगितलं. आमचे हे म्हणाले, "एवढं काय त्यात? वाडीत ये. केळी विचारत नाहीत, आम्ही श्वास कुठून घेतो."

"दादा, केळी पानांतून श्वास घेतात. खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात."

"बघ, म्हणूनच नको येऊस."

हसण्यावारी गेलं, पण त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली हे मी पाहिलं. वाडीत त्यांचं काही खरं नाही. पाणी सोडायला सांगितलं तर पाटाच्या कडेला बसून गांडूळ बघत बसतील आणि तिकडे पानवेलीच्या मुळाशी तळं होईल. माणसाला एकच काम येत असतं आणि जगात तेच काम करणारा तो एकटाच असतो, तेव्हा त्याच्या वहिनीला देवापुढे जरा जास्त वेळ उभं राहावं लागतं.

मग भाऊजी कामाला लागले. प्राणी ठरवताना त्यांनी एक नियम घातला. अंगी एकही शक्ती अशी नको, जी कुठल्या ना कुठल्या जिवाला आधीच मिळालेली नाही. "देवाने जे कोणाला दिलं नाही, ते मी देणार नाही," असं म्हणाले. त्यांच्या तोंडून देवाचं नाव मी तेव्हाच काय ते ऐकलं.

शरीर घेतलं निवटीचं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा, आमच्याकडे सगळ्यांना माहीत. ओहोटी लागली की चिखलावर सरपटत असतात. पण निवटी मासा असून पाण्याबाहेर हिंडते ती कशी, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. भाऊजींनी समजावलं. कल्ल्यांशेजारच्या कप्प्यात ती पाणी आणि हवा साठवते, शिवाय कातडी ओली असेल तोवर कातडीतूनही श्वास घेते. पुढचे पर कोपरासारखे टेकून चालते. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. सासूबाईंनी चित्र बघितलं आणि प्राण्याचं नाव ठेवून टाकलं, निवटोबा.

निवटोबाला वीज दिली ती करंटवाल्या पाखटीची, त्या ताटासारख्या चपट्या माशाची. अर्नाळ्याच्या जाळ्यात ती पाखट कधीमधी येते आणि हात लावला की माणूस झिणझिणतो. तिच्या अंगात टॉर्चचे सेल एकापुढे एक लावावेत तशा बारीक चकत्या असतात म्हणे. शिवाय एक कोलंबी असते, ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो आणि त्या आवाजाने समोरचा मासा गार पडतो. ती टाळीही निवटोबाला दिली. मी म्हटलं, "भाऊजी, एवढं सगळं एकालाच? बाकीचे रुसतील." ते म्हणाले, "वहिनी, एवढं तर द्यावंच लागेल. कॉम्प्युटर चाळीस देतोय."

त्यांनी कौस्तुभला कळवलं, तुम्ही फक्त एक दिवस आगाशीला या, या प्राण्याची शक्ती तुम्हाला जिवंत दाखवतो. चित्र नाही, व्हिडिओ नाही, जिवंत. कौस्तुभ म्हणाला, रविवारी येतो. जेवायलाच येतो.

रविवारी सकाळी पॉल आला. पॉल भाऊजींचा शाळेपासूनचा मित्र. खाडीत उतरून निवट्या हातांनी पकडायच्या त्या त्यानेच. बादलीभर आणल्या होत्या, चिखलाच्या पाण्यात वळवळत होत्या.

"काय वहिनी, एवढ्या निवट्या? घरात लगीन बिगीन हाय का?"

"तुझ्या मित्राची परीक्षा आहे," मी म्हटलं.

"मंग पास झाला. या बघून कोन नापास करील?"

भाऊजींनी बादली विहिरीशेजारी सावलीत ठेवली, वर झाकण, झाकणावर वीट. आणि पाहुण्याला आणायला बाजारात नाक्यावर गेले. तिथूनच त्याला घेऊन आधी अर्नाळ्याला पाखट दाखवायला जायचं ठरलं होतं. मला देवळात पोथीच्या वाचनाला जायचं होतं. मासळीचं म्हणाल तर माझ्या मुलीच्या आजारपणात मी नवस बोलले तेव्हापासून मासे सोडले आहेत, खायचे नाहीत आणि हात लावायचा नाही. घरात मासळीचं जे काही असतं ते सासूबाईंचं राज्य.

आता सासूबाईंच्या बाजूने बघा. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा घरात काही आणवलंय. मुंबईचा पाहुणा जेवायला यायचा आहे. आमच्याकडे पाहुण्याला पापलेट कोणीही घालतं, त्याला फक्त बाजार लागतो. निवट्या मात्र ज्याच्यासाठी कोणीतरी चिखलात उतरेल त्यालाच मिळतात. आणि विहिरीशेजारी जिवंत, ताज्या निवट्यांची बादली वीट ठेवून झाकलेली. कोणत्या आगाशीकर बाईला वेगळं काही वाटेल? या निवट्या म्हणजे पुरावा आहे, असं समजायला माणूस प्राणिशास्त्र शिकलेला असावा लागतो. शिकलेला माणूस तर बाजारात नाक्यावर उभा होता आणि आईला एक अक्षर बोलून गेला नव्हता.

मी देवळातून आले तर अंगणापर्यंत कालवणाचा वास. मागोमाग गाडी आली. कौस्तुभ उतरला, तिशीतला, पायांत पांढरे बूट, आणि उजवा हात सारखा झटकत होता.

"वहिनी, सीरियसली सांगतो, कोपरापर्यंत करंट! एवढीशी पाखट, टोपलीत पडलेली. मला वाटलं मेलीय. हात लावला आणि मी माझ्या आजीचं नाव घेतलं."

भाऊजींचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, देव पावला.

"पण एक प्रॉब्लेम आहे," कौस्तुभ म्हणाला. "दिसत काहीच नाही. मुलांना कळणार कसं की करंट बसला? निळी वीज दाखवावी लागेल. कडकडकड."

"पाण्यात वीज कडकडत नाही," भाऊजी म्हणाले.

"टीव्हीवर कडकडते, सर."

"आणि ती कोलंबीची टाळी?"

"ती तर कोणीच विश्वास ठेवणार नाही. कोलंबी टाळी वाजवून मासा पाडते? कायपण! आई-वडील तक्रार करतील, मुलांना खोटं शिकवता म्हणून."

"पण ते खरं आहे."

"असेल हो. वाटत नाही ना."

 भाऊजींचा भरवसा आता निवट्यांवर होता. ते आतल्या खोलीत निवटोबाची चित्रं आणायला गेले, आणि सासूबाईंनी पाहुण्याला पाटावर बसवून वाढलं. तांदळाची भाकरी, कैरी घातलेलं लालभडक कालवण. कौस्तुभ जेवला म्हणजे काय जेवला! तिसऱ्यांदा कालवण घेतलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, बघ, जेवणारा असा असावा.

"हे कुठलं फिश आहे, आई? काय टेस्ट आहे!"

"आपली घरची. आज सकाळी जिवंत होती. राख लावून घासली तरी हातातून सुटत होती मेली. झाकण काढलं तशी एक तर उडून अळवात गेली. म्हटलं, जाऊ दे, मांजराचं नशीब."

त्याच वेळी भाऊजी चित्रं घेऊन दारात आले. त्यांनी पान बघितलं. मग मागच्या दारातून विहिरीकडे गेले. मला खिडकीतून दिसत होतं. बादली धुऊन, पालथी घालून, उन्हात ठेवलेली होती. त्यांनी ती उचलून खाली बघितलं. खाली काय असणार? परत आले आणि पानावर बसले. वाढलेल्या कालवणाकडे बघितलं नाही.

कौस्तुभने हात चाटत म्हटलं, "चला सर, आता मेन आयटम. तुमचा तो चालणारा मासा दाखवा."

 शेवटी आमचे हे म्हणाले, "तुम्ही तिसऱ्यांदा वाढून घेतलात, तोच."

कौस्तुभने पानाकडे बघितलं. हातातला घास अलगद खाली ठेवला, जणू त्याला लागेल.

सासूबाई घाबरल्या. "काय झालं? काटा लागला?"

"आई, त्या दाखवायला आणल्या होत्या," भाऊजी म्हणाले. आवाज इतका हळू, की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"दाखवायला? निवट्या? कोणाला?"

मला हसूही येत होतं आणि रडूही. भाऊजींनी तशातही चित्रं पसरली, श्वासाचा कप्पा दाखवला, कोपर दाखवलं. कौस्तुभ ऐकत होता, पण त्याची नजर मधूनमधून पानाकडे जात होती.

"सर, कन्सेप्ट चांगला आहे. पण विचार करा. मी ज्याला खाल्लं, त्याला हिरो करायचं? आणि चॅनेलचे अर्धे प्रेक्षक व्हेज."

"मग शेवटच्या भागात खायचा," सासूबाईंनी सुचवलं. त्यांना खरंच मदत करायची होती.

"बघतो," कौस्तुभ म्हणाला. "कळवतो."

भाऊजींनी चित्रं गोळा करायला घेतली. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. आमचे हे तोंड फिरवून भाकरीचा तुकडा मोडत बसले. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, मी पोथी ऐकत होते तेवढ्यातच व्हायचं होतं का?

कौस्तुभ हात धुवायला विहिरीवर गेला. आणि तिथून त्याने अशी किंकाळी फोडली की मला वाटलं, घोणस. आम्ही सगळे धावलो.

विहिरीचं सांडपाणी पाटातून अळवाला जातं. तिथे माडाच्या ओल्या मुळावर, पुढचे दोन पर टेकून, एखादी बाई खिडकीत कोपरं टेकून उभी राहते तशी, निवटी बसली होती. कौस्तुभकडे बघत होती. मग तिचा एक डोळा आत गेला आणि परत वर आला.

"हिने मला डोळा मारला!"

"मारला नाही. तिला पापणी नसते," भाऊजी म्हणाले. आवाज परत आला होता. "डोळा सुकला की आत ओढून ओला करते. झाकण उघडल्यापासून पाण्याबाहेर आहे. बादलीतून उडी मारली, इथवर चालत आली. बघा, आता चालेल. हलू नका."

आणि ती खरंच चालली. कोपर, कोपर, कोपर. मुळावरून खाली, दगडावर, मग शेपटीचा झटका देऊन पाट ओलांडून पलीकडे. मी निवट्या लहानपणापासून पाहिल्या, विकताना पाहिल्या, घासताना पाहिल्या. चालताना मन लावून अशी पहिल्यांदाच पाहिली. हात जोडावेसे वाटले, पण सगळ्यांसमोर माशाला कुठे हात जोडणार? पदर नीट केला.

कौस्तुभ तोपर्यंत ओणवा होऊन मोबाइलवर शूटिंग करत होता, कालवणाच्या हाताने. पांढरे बूट चिखलात.

सासूबाई टोपली घेऊन आल्या. "सापडली का ती मेली? द्या इकडे. एकटी काय उरायची? संध्याकाळी तव्यावर टाकते."

कौस्तुभ निवटीपुढे आडवा झाला. "आई, हात नाही लावायचा! ही आपली हिरोईन आहे!"

निवटोबा पास झाला. भाऊजींची खुर्ची राहिली. संध्याकाळी भाऊजी आणि पॉल त्या निवटीला त्याच बादलीतून खाडीवर सोडायला गेले. पॉल सारखा इकडेतिकडे बघत होता म्हणे. "आज सकाळी पकडलेली संध्याकाळी सोडताना कोनी बघितलं, तर माझं नाव खराब व्हईल."

पण नोकरी राहिली म्हणजे नियम राहिला असं नव्हे. फोन सुरू झाले. आधी निवटोबाला निळी वीज आली, कडकडणारी. मग रंग बदलला, चिखलाचा रंग मुलांना आवडत नाही म्हणून. मग एक दिवस कौस्तुभ म्हणाला, तोंडातून आग हवी. आग असल्याशिवाय खेळणी खपत नाहीत.

भाऊजी दोन दिवस पुस्तकं चाळत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुशीत फोन लावला. मी भाजी निवडत होते, सगळं ऐकू येत होतं.

"कौस्तुभ, मिळालं! आग नाही, पण एक भुंगेरा असतो. पोटात दोन द्रव वेगवेगळे ठेवतो आणि शत्रू आला की एकत्र करतो. उकळत्या पाण्याएवढी गरम फवारणी! आवाजासकट! शंभर टक्के खरं."

"सुपर! तोंडातून?"

भाऊजींनी आवाज खाली आणला. "नाही. मागून."



"सर, मुलांचा कार्यक्रम आहे."

"पण शास्त्र..."

"सर, सकाळी नाश्त्याच्या वेळेला लागतो."

आग तोंडातूनच आली.

मालिका लागली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. सासूबाईंनी टीव्हीला हळदकुंकू लावलं होतं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मी मोठ्याने वाचली. "या मालिकेतील सर्व प्राणी व त्यांच्या शक्ती पूर्णपणे काल्पनिक आहेत. त्यांचा कोणत्याही सजीवाशी संबंध नाही."

मी भाऊजींकडे बघायचं टाळलं. मग नावं आली. त्यात त्यांचंही होतं. पुढे लिहिलं होतं, "कल्पना: चंद्रहास."

माणसाने आयुष्यात एक कल्पना केली नाही, आणि पडद्यावर त्याचं नाव त्याच कामासाठी! सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी नाव ऐकून टीव्हीला नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "बघ, शेवटी मोठा झाला."

निवटोबा पडद्यावर आला, जांभळा, ओठांत आग. धावला, उडाला, कडाडला. मग शेवटी एकदाच, चिखलातून बाहेर येताना, कोपर, कोपर, कोपर, असा चालला. आणि थांबून एक डोळा आत घेतला.

"एवढं ठेवलं त्यांनी," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या रविवारी पॉल बादली घेऊन आला. मालिका लागली म्हणून पार्टी, त्याच्याकडून. शेजारच्या पोरांनी त्याला गेटवरच पकडलं होतं. "पॉल अंकल, त्यात मासा जमिनीवर चालतो, खोटं आहे ना? आग ठीक आहे, पण चालतो कसा?" पॉलने त्यांना बादली दाखवली नाही. म्हणाला, झाकण काढलं तर उडतील आणि मग या घरी कालवण कशाचं होईल?

सासूबाईंनी मन लावून केलं. पानं मांडली. भाऊजींच्या पानात वाढायला गेल्या तर त्यांनी हात आडवा धरला.

"मला नको आई. वहिनीचं वरण वाढ."

"का रे? बरं नाही का? की तूही नवस बोललास?"

"नवस नाही."

"मग?"

भाऊजी कालवणाकडे न बघता म्हणाले, "आता ती आमच्या ऑफिसात आहे. ऑफिसातल्या माणसाला कोणी खातं का?"

सासूबाई पळी हातात धरून उभ्याच राहिल्या. आमचे हे त्यांच्या हातातली पळी आपल्या पानाकडे ओढत म्हणाले, "का नाही? तुमच्या ऑफिसात तर तुलाच खायला निघाले होते."